गिटारला दगडाचा डिंक

केस उघडली आणि आधी वासच आला. उग्र, गोडसर, डोळ्यांना झोंबणारा. वास तिच्या चांगल्या ओळखीचा होता. बाबा लोकांच्या स्वयंपाकघरांत दगडी ओटे बसवायचे आणि दोन डब्यांतली इपॉक्सी एकत्र कालवून दगडाला दगड चिकटवायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला हाच वास असायचा. पण तो गिटारच्या केसमध्ये येण्याचं काही कारण नव्हतं.

तिने गिटार मांडीवर घेतली आणि नेकवर, म्हणजे बोटं फिरतात त्या लांब दांडीवर, एक तार दाबून पाहिली. तार खाली जाईना. जोर लावला तेव्हा गेली, पण सूर चढा निघाला. मग तिने गिटार बंदुकीसारखी डोळ्यासमोर धरली आणि नेकवरून सरळ नजर टाकली. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचं तिचं काम होतं. दिवसभर काचा अशाच डोळ्यासमोर धरून बघायची सवय असल्यामुळे केसाएवढा फरकही तिच्या नजरेतून सुटत नसे. इथे तर तेवढ्या नजरेची गरजच नव्हती. तारा इतक्या उंच गेल्या होत्या की खालून मुंगी छत्री उघडून गेली असती.

तिने गिटार उलटी केली. नेक जिथे स्क्रूंनी बॉडीला जोडलेली असते, त्या सांध्यातून मधाच्या रंगाचा एक ओघळ बाहेर येऊन वाळला होता. कुणीतरी तो ब्लेडने कापून गुळगुळीतही केला होता, अगदी मन लावून.

कुणीतरी कशाला? घरात असं मन लावून वाटोळं करणारा एकच होता.

धाकट्या भावाला घरात सगळे संशोधक म्हणत. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन तो सध्या नोकरीची वाट बघत बसला होता, आणि रिकामं डोकं आणि भरलेली हत्यारपेटी एका घरात असली की काय होतं, ते सगळ्यांनी भोगून झालं होतं. आईच्या मिक्सरचा आवाज कमी करायच्या नादात त्याने मिक्सरच कायमचा गप्प केला होता. तेव्हा सगळे हसले होते. तीही हसली होती, याचा तिला आता पश्चात्ताप झाला.

ती गिटार तशीच मानेला धरून स्वयंपाकघरात गेली. संशोधक खुर्चीवर पाय वर घेऊन चहा पीत होता.

"हे काय आहे?"

"अगं ताई, मी सांगणारच होतो," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आधी वाजवून तर बघ."

"हे काय आहे, ते विचारतेय."

मग त्याने सांगितलं, शिक्षकांसमोर प्रयोग सांगावा तसं. सुरुवात तिच्यापासूनच झाली होती म्हणे. आणि ते खोटं नव्हतं. गेल्या आठवड्यात सरावाहून ती फणफणत घरी आली होती आणि जेवताना सगळं बडबडली होती. तिघांच्या बँडचं पहिलं गाणं या रविवारी स्टुडिओत रेकॉर्ड व्हायचं होतं. गाण्याच्या मध्यावर तिचा सोलो होता. सोलोचा शेवटचा सूर एकटाच हवेत तरंगत राहायचा, ड्रमच्या हलक्या ठेक्याखेरीज बाकी सगळं थांबायचं, आणि त्या सुरावर गाणारा पुढचं कडवं उचलायचा. पण सूर त्याच्यापर्यंत पोचायच्या आतच मरत होता. या गाणाऱ्याला कुणीतरी चेष्टेने सम्राट म्हटलं होतं आणि पुढे त्याला ते खरंच वाटू लागलं. तो सगळ्यांदेखत म्हणाला होता की तुझ्या गिटारला दमा झालाय. रविवारपर्यंत बरा झाला नाही तर सोलो माझा भाचा वाजवेल. त्याच्या गिटारची तार एकदा छेडली की माणूस आंघोळ करून आला तरी सूर चालूच असतो.

सोलोतला प्रत्येक सूर तिने रचला होता. भाच्याने नाही. हेही ती जेवताना बोलली होती. बोलून मोकळी झाली होती. कुणाला काही कर म्हणाली नव्हती.

पण संशोधकाने ते मनावर घेतलं. ती कामावर गेल्यावर त्याने एकेक सूर वाजवून मोजला, आणि तो एकच सूर शेजारच्या सुरांपेक्षा लवकर विझतो हे त्याला दिसलं. म्हणजे शक्ती कुठेतरी गळतेय. कुठे? तर सांध्यात. स्क्रूने जोडलेल्या नेकमध्ये बारीक फट राहते, फटीत कंपनं वाया जातात. कितीतरी महागड्या गिटारींची नेक चिकटवलेलीच असते. आणि घरात तर दगड चिकटवायचा डिंक पडलेला.

"आणि गंमत सांगू?" तो म्हणाला. "आत कुणीतरी प्लास्टिकचा तुकडा कोंबला होता. लाकडाला लाकूड टेकतच नव्हतं, मग सूर टिकणार कसा? मी तो काढून फेकून दिला."

तिने गिटार त्याच्यापासून लांब ओढली.

तो तुकडा कुणी कोंबलेला नव्हता. गिटार तिने जुनी घेतली होती आणि घेतली तेव्हाही तारा अशाच उंच होत्या. दुकानात वाया गेलेल्या चष्म्याच्या काचा असत. काच म्हणायचं, पण हल्ली त्या प्लास्टिकच्याच असतात. त्यातलीच एक घेऊन तिने कामाच्या चाकावर पाचर घासली होती, एका टोकाला जराशी जाड, दुसऱ्या टोकाला कागदाहून पातळ. कितीतरी तुकडे वाया घालवल्यावर एक मनासारखी जमली. ती सांध्यात सरकवली तेव्हा नेक किंचित मागे कलली, तारा खाली आल्या, आणि इतके दिवस कुणा परक्याची वाटणारी गिटार तिची झाली.

"ती पाचर मी केली होती," ती म्हणाली.

"अगं, मला काय माहीत..."

"विचारायचं होतंस. तोंड आहे ना? दिवसभर चालू असतं. एकदा माझ्याकडे वळवायचं."

"बरं, मग आपण ती परत..." असं म्हणता म्हणता तो थांबला. पाचर परत घालायची तर नेक काढायला हवी, आणि नेक आता कुणाच्या बापाला निघणार नव्हती. त्याच्या बापालाही नाही. हे त्याच्या चेहऱ्यावर सावकाश उमटत गेलं. तिला ते बघून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आई ओट्याशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, त्याने तुझ्यासाठीच केलं ना गं, स्वतःसाठी थोडंच केलं.

"आई, मिक्सर तुझा होता, तू हसलीस. ही माझी आहे. मी हसणार नाही."

बाबा आले तेव्हा तिने गिटार त्यांच्यापुढे धरली. त्यांनी सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, की छान भरलंय, कुठे पोकळी नाही. मग लेकीकडे पाहून त्यांनी जीभ चावली. सोडवता येईल का, तिने विचारलं. त्यांनी मान हलवली. तापवलं तर डिंक मऊ होईल, पण त्याआधी लाकूड करपेल. "आम्ही चिकटवणारी माणसं," ते म्हणाले. "ओटा उखडायचा असला की लोक हातोडीवाल्याला बोलावतात."

पण एवढ्यावर गप्प बसतील तर ते घर कसलं. आईने केस वाळवायचं यंत्र सुचवलं. संशोधकाला बर्फ सुचला. थंडीने लाकूड आणि डिंक वेगवेगळ्या मापाने आकसतात म्हणे. बाबा म्हणाले, पातळ तार घालून करवतीसारखी ओढता येईल कदाचित. तिघंही गिटारभोवती वाकून उभे होते, पेशंटभोवती डॉक्टर जमतात तसे, आणि पेशंट कुणाचा हे तिघंही विसरले होते. डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला बसवून दिला तर तिला दुकानातून हाकलून दिलं असतं. इथे मात्र चूक करणाराच दुसरा उपाय सुचवत होता आणि सगळे माना डोलवत होते. तिने त्यांच्या मधून गिटार उचलली.

"यापुढे हिला हात लावायचा नाही. कुणीच नाही. प्रेमानेसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी कामावर ती कुणाशी धड बोलली नाही. संध्याकाळी खोलीत बसून ती गिटारचे जेवढे स्क्रू अजून फिरत होते तेवढे फिरवू लागली. तारा खाली येणार नव्हत्याच; त्या बॉडीवरच्या ज्या धातूच्या तुकड्यांवर टेकतात ते आधीच तळाला लागले होते. पण तेच तुकडे मागे सरकवून चढा लागणारा सूर थोडा उतरवता येत होता. सगळे सूर जुळणं शक्य नव्हतं. निदान शेवटचा तरी खरा लागावा. बाकीचे गेले खड्ड्यात. तारा दाबून दाबून बोटांच्या टोकांवर चरे पडले होते आणि प्रत्येक चऱ्याबरोबर ती भावाला मनातल्या मनात एक शिवी हासडत होती.

तेवढ्यात तोच दारात येऊन उभा राहिला. आत यायची त्याची हिंमत नव्हती. तिथूनच त्याने सांगितलं की रात्रंदिवस त्याला चैन पडलेलं नाही, म्हणून त्याने पुन्हा नीट विचार केला. दोष सांध्याचा नव्हताच. प्रत्येक लाकडी दांडीचा स्वतःचा एक सूर असतो, आणि या नेकचा सूर नेमका तुझ्या त्या शेवटच्या सुराशी जुळतो. तार हलली की नेकही हलायला लागते आणि तारेचा जोर पिऊन टाकते. म्हणून तो सूर लवकर विझतो. डिंकाने त्यात फरक पडणारच नव्हता.

"म्हणजे आधी चिकटवलंस आणि मग डोकं वापरलंस."

तो जरा दुखावून म्हणाला, "मी तरी काय करणार? गरजच वाढत चालली होती. सुरुवातीला तर तुझा सूर पुरून उरत होता."

तिचा हात स्क्रूवरच थांबला. "काय म्हणालास?"

त्याने सांगितलं. सूर किती वेळ टिकायला हवा हे कळावं म्हणून त्याने कॉम्प्युटरवर ठेवलेली सरावाची सगळी रेकॉर्डिंग ऐकली होती. तिचा सूर दर वेळी तेवढाच टिकतो. पण सम्राट गायला सुरुवात करतो ती जागा मात्र दर सरावाला पुढे सरकत गेली होती. त्यावरून त्याने रविवारी किती लागेल याचाही अंदाज काढला होता, आणि तेवढा टिकवायचा म्हणून डिंक.

"तो उशिरा येतोय हे तुला दिसलं," ती सावकाश म्हणाली, "आणि तू माझी गिटार चिकटवलीस?"

"तू म्हणालीस सूर कमी पडतो. सूर कमी पडतो, की गाणारा जास्त थांबतो, हे..." तो अडखळला. बोलता बोलताच त्याला ते पहिल्यांदा दिसत होतं. "हे मी विचारलंच नाही. मी गिटारकडेच बघत होतो."

"म्हणजे दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला," आई दाराबाहेरून म्हणाली. ती तिथे उभी आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

तिने त्या दोघांच्या तोंडावर दार लावलं आणि हेडफोन घातले. सर्वांत जुनं रेकॉर्डिंग आधी. शेवटचा सूर, त्याखाली ड्रमरचा काडीने हलका ठेका. ठरल्याप्रमाणे चार आवर्तनं, आणि पाचव्याच्या पहिल्या ठोक्यावर सम्राटचा आवाज. तिचा सूर तेव्हा बारीक झाला होता, पण होता. मग ती पुढची ऐकत गेली. मध्ये एका छोट्या कार्यक्रमात त्या शांततेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या होत्या. तिथून पुढे सम्राट थांबायला लागला होता. आधी थोडा. मग एक आवर्तन. ताज्या रेकॉर्डिंगमध्ये सूर विझल्यावर ठेका बराच वेळ एकटाच चालू होता, सम्राट निवांत घसा साफ करत होता, आणि त्यानंतर त्याचाच आवाज: गिटारला दमा झालाय.

आणि तिने ते मान्य केलं होतं. तिनेही गिटारकडेच पाहिलं होतं. या गोष्टीची चीड सगळ्यांत जास्त होती.

तिने ड्रमरला फोन लावला. त्याला बँडमध्ये मौनी म्हणत. काठ्यांनी जे बोलेल तेवढंच. तिने सगळं एका दमात सांगितलं.

"माहितीय," मौनी म्हणाला. "मीच मोजतो ना."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो तर त्याला दुसरा ड्रमरही मिळेल. भाचे पुष्कळ असतात."

तिने फोन ठेवून दिला.

स्टुडिओच्या खोलीला चारी बाजूंनी जाड गाद्या लावल्या होत्या. आत बोललेला शब्द तोंडापुढेच खाली पडत होता. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणाऱ्या बाई बसल्या होत्या. सम्राट काळा चष्मा लावून आला, आणि त्याच्यामागून त्याचा भाचा, महागडी केस छातीशी धरून. बिचारा चांगला होता. त्याने तिला आधी नमस्कार केला आणि मग कुठे बघावं हे त्याला कळेना.

तिने सम्राटला बाजूला घेतलं नाही. सगळ्यांसमोरच सांगितलं की चार आवर्तनं ठरली आहेत, चौथं संपलं की तू यायचंस. माझा सूर तोपर्यंत टिकतो, कायम टिकत आलाय.

सम्राट हसला. म्हणाला, गाण्याला श्वास लागतो. कलाकार काय घड्याळ बघून गातो का?

"श्वास तुला लागतो आणि दमा माझ्या गिटारला?"

भाच्याने खोकल्याचं निमित्त केलं. सम्राटने चष्मा काढला. त्याने थंडपणे सांगितलं की एकदा वाजव. एकदाच. सूर माझ्यापर्यंत पोचला तर ठीक, नाहीतर हा वाजवेल. ती म्हणाली, चालेल.

हेडफोनमध्ये मौनीने ठेका दिला आणि गाणं सुरू झालं. सोलो आला. उंच तारा बोटांत रुतत होत्या. इतर वेळी जी तार नुसत्या इशाऱ्याने वाकायची, ती आज ढकलून, रेटून, जवळजवळ मारून वाकवावी लागत होती. काही सूर किंचित चढे गेले. जाऊ देत. दोन दिवस साठलेलं सगळं, भावाचा उजळलेला चेहरा, तिघांचं ते वाकून उभं राहणं, तो फोन, सगळं बोटांत उतरलं होतं, आणि सोलो असा वाजला की भाच्याने केस खाली ठेवली.

शेवटचा सूर लागला. खरा लागला. बाकी सगळं थांबलं. मौनीची काडी हलकेच चालू राहिली. पहिलं आवर्तन. दुसरं. सूर पातळ होऊ लागला. तिसरं. सम्राटने डोळे मिटले होते आणि एक हात हवेत उचलला होता, टाळ्या थोपवाव्यात तसा. चौथं. सूर दोऱ्याएवढा उरला होता, पण तुटला नव्हता. त्याने सूर मरेपर्यंत वाट बघायची, आणि मग सगळ्यांनी पुन्हा तिच्या गिटारकडे बघायचं, हे तिला आता मान्य नव्हतं.

चौथं आवर्तन संपलं आणि तिने तळहात तारांवर ठेवला.

सूर चाकूने कापल्यासारखा बंद झाला. त्याच ठोक्याला मौनीची काडीही थांबली. तिने त्याला तसं सांगितलं नव्हतं. गाद्यांच्या खोलीत आता काहीच उरलं नाही. हेडफोनमध्ये सम्राटचा श्वास तेवढा ऐकू येत होता, मग त्याने गिळलेला आवंढा, मग जिभेचा चिकट आवाज. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. हात हवेत होता.

"गायकाचा माइक बंद आहे का?" काचेपलीकडून बाईंचा आवाज आला. "माझ्याकडे काही आलं नाही."

सम्राटचे डोळे उघडले. "तू सूर तोडलास," तो तिच्यावर ओरडला. "मुद्दाम तोडलास."

"चार संपली."

"कोण म्हणतं संपली?"

तिने मौनीकडे पाहिलं, आणि आता हा खाली बघेल याची तिला जवळपास खात्री होती. मौनी खालीच बघत होता. काडी बोटांत फिरवत होता.

"संपली," तो ड्रमकडे बघतच म्हणाला. "दर वेळी तिथेच संपतात."

बाईंनी विचारलं, पुन्हा घ्यायचं का, पुढचे लोक बाहेर येऊन बसलेत. सम्राटने भाच्याकडे पाहिलं. भाचा मान हलवून म्हणाला, मामा, मला नको, त्या वाजवताहेत तसं मला येणार नाही. मग सम्राटने हेडफोन असे घातले की कान उपटून निघायचे.

दुसऱ्या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. पूर्णवेळ तो तिच्या हाताकडे बघत होता, आणि ती त्याच्या तोंडाकडे. चौथं आवर्तन संपताच तो आला, रागाने लालबुंद होऊन, वेळेवर. त्याच्या पहिल्या शब्दाखाली तिचा सूर होता. बारीक, पण होता.

ऐकायला सगळे काचेपलीकडच्या खोलीत जमले. बाईंनी ती जागा लावली. सूर, ठेका, आवाज. बाई म्हणाल्या, झकास, हाच घेऊ. मौनीने मान डोलावली. कुणी तिचं अभिनंदन केलं नाही आणि तिला ते नकोही होतं. तिची बोटं ठणकत होती.

"आला ना ऐकू तुझा सूर?" सम्राट भिंतीला टेकून म्हणाला. "झालं समाधान?"

"नाही," ती म्हणाली, आणि बाईंकडे वळली. "पुन्हा लावा."